प्रश्न तुमचे : ठरल्या वेळी चालणारे जॉब

या वेळच्या पत्रांतला मोठा गठ्ठा एकाच विषयावर आहे : वेब ॲपमध्ये दर तासाला, रोज रात्री किंवा महिन्यातून एकदा आपोआप चालायचे जॉब. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. क्रॉनच्या (लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळी आणि कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. फाईलमध्ये लिहिताना मात्र इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंकच टाका.

प्रश्न : आमचे ॲप पायथनमध्ये आहे. रोज सकाळी ग्राहकांना आठवणीचा ईमेल जावा म्हणून ॲपच्या आतच शेड्यूलर सुरू केला. माझ्या लॅपटॉपवर एकच ईमेल जायचा, सर्व्हरवर टाकल्यापासून प्रत्येकाला चार-चार जातात. कोड तोच आहे. असे का?

कोड तोच असला तरी तो चालवणाऱ्या प्रोसेस चार आहेत. सर्व्हरवर तुम्ही जीयुनिकॉर्नसारखा, पायथनची वेब ॲप चालवणारा प्रोग्रॅम चार वर्कर देऊन सुरू केला असणार. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रोसेस. ती तुमचे ॲप स्वतःच्या मेमरीत वेगळे लोड करते, आणि ॲप लोड होताना शेड्यूलर सुरू होत असल्यामुळे शेड्यूलरही चार होतात. त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या डीबग मोडमध्येही जॉब दोनदा चालताना दिसतो. त्याचे कारण हेच : कोड बदलला की पुन्हा लोड करणारा रीलोडर आणखी एक प्रोसेस उभी करतो.

वर्कर एकावर आणला की लक्षण जाईल, पण वाहतूक वाढून दुसरा सर्व्हर लावला की दुखणे परत येईल. म्हणून शेड्यूलर वेब प्रोसेसच्या बाहेर काढा. जॉब हा स्वतंत्र कमांड म्हणून लिहा, म्हणजे टर्मिनलवर हाताने चालवता येईल असा, आणि तो क्रॉनकडे सोपवा. सेलरी (मागे जॉब चालवणारी पायथनची लायब्ररी) वापरत असाल तर ‘बीट’ ही तिची वेळ पाहणारी प्रोसेस एकाच ठिकाणी चालवा. वर्कर कितीही असोत, बीट एकच हवा.

एवढे करूनही एक कुंपण डेटाबेसमध्ये घालाच. एक टेबल करा. त्यात जॉबचे नाव, ग्राहकाचा क्रमांक आणि तारीख असे तीन रकाने ठेवा आणि तिन्हींवर मिळून युनिक बंधन (तीच जुळणी दुसऱ्यांदा लिहू न देणारे) घाला. ईमेल पाठवण्याआधी त्या टेबलात ओळ घालायचा प्रयत्न करा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडा. ओळ पडली तर पाठवा, नाही पडली तर तो ईमेल दुसऱ्या कोणी तरी हाती घेतला आहे, पुढे चला. मग शेड्यूलर चुकून चार झाले तरी ग्राहकाला ईमेल एकच मिळेल. शेड्यूलर फक्त ‘आता बघ’ एवढेच सांगतो. काम उरले आहे की झाले, हे डेटाबेसला विचारायचे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा येणार आहे.

प्रश्न : कमांड हाताने चालवली की व्यवस्थित चालते. क्रॉनटॅबमध्ये टाकली की काहीच होत नाही, एररही दिसत नाही. कुठे शोधू?

तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्या प्रोफाईल फाईली वाचल्या जातात. क्रॉन त्या वाचत नाही. त्याच्याकडे पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) असतो तो साधारण ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच, शेल असते साधे ‘एसएच’, आणि चालू फोल्डर असते त्या युजरचे होम. तुमचा नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) किंवा पायथन दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर तो सापडत नाही. डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असेल तर तोही मिळत नाही.

आधी क्रॉन काय म्हणतो ते ऐकू येईल अशी सोय करा. ओळीच्या शेवटी ‘>> /व्हार/लॉग/आठवण.लॉग २>&१’ जोडा, म्हणजे आउटपुट आणि एरर दोन्ही त्या फाईलमध्ये उतरतील. जॉब ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला ती फाईल लिहायची परवानगी आहे ना, तेही पाहा. नसेल तर कमांड सुरूच होत नाही. मग प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ लिहा आणि कमांडच्या आधी ‘सीडी’ करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. क्रॉनची अवस्था टर्मिनलवरच पाहायची असेल तर कमांड ‘एन्व्ह -आय’ लावून चालवा. सगळे व्हेरिएबल गळून पडतात आणि बहुतेक चुका तिथल्या तिथे दिसतात.

एवढ्याने सुटले नाही तर टक्केचिन्ह पाहा. क्रॉनटॅबमध्ये ‘%’ म्हणजे नवी ओळ. पहिल्या टक्केचिन्हानंतरचा मजकूर कमांडचा भाग राहत नाही, तो कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. बॅकअपच्या फाईलला तारखेचे नाव द्यायला ‘डेट +%एफ’ लिहिले की कमांड तिथेच तुटते. प्रत्येक टक्केचिन्हाआधी उलटा स्लॅश द्या, किंवा सरळ सगळी कमांड एका स्क्रिप्ट फाईलमध्ये घालून क्रॉनमधून ती फाईल चालवा. आमच्या मते दुसरा मार्ग बरा. क्रॉनटॅबची ओळ जितकी आखूड तितकी कटकट कमी.

‘क्रॉन.डी’ फोल्डरमध्ये फाईल ठेवली असेल तर आणखी दोन गोष्टी. तिथे वेळेच्या पाच रकान्यांनंतर (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) युजरचे नाव लिहावे लागते. ते विसरलात तर क्रॉन कमांडचा पहिला शब्दच युजर समजतो. आणि डेबियन, उबुंटूवर त्या फाईलच्या नावात टिंब चालत नाही. ‘आठवण.एसएच’ अशा नावाची फाईल तिथे वाचलीच जात नाही, तक्रारही येत नाही.

प्रश्न : दर पाच मिनिटांनी चालणारा जॉब कधी कधी बारा मिनिटे घेतो. तेव्हा एकाच वेळी दोन-तीन प्रती चालतात आणि आकडे दुप्पट होतात. सुरुवातीला एक फाईल बनवून आणि शेवटी पुसून लॉक केला होता, पण एकदा जॉब मध्येच मेला आणि फाईल तशीच राहिली. नंतर दोन दिवस जॉब चाललाच नाही. बरोबर पद्धत कोणती?

‘फाईल आहे म्हणजे लॉक आहे’ या पद्धतीत प्रोसेस मेली की लॉक अनाथ होतो. मेमरी संपल्यावर लिनक्स प्रोसेस मारतो तेव्हा शेवटची पुसायची ओळ चालत नाही. त्यामुळे प्रोसेसबरोबर आपोआप सुटणारा लॉक हवा.

एकच सर्व्हर असेल तर ‘फ्लॉक’ (फाईलवर लॉक घेणारी लिनक्सची कमांड) पुरतो. क्रॉनच्या ओळीत कमांडच्या आधी ‘फ्लॉक -एन /व्हार/लॉक/हिशेब.लॉक’ एवढे लावा. ‘-एन’ म्हणजे लॉक दुसऱ्याकडे असेल तर थांबू नको, परत जा. हा लॉक उघड्या फाईलशी बांधलेला असतो. प्रोसेस कशीही मेली तरी ऑपरेटिंग सिस्टिम फाईल बंद करते आणि लॉक सुटतो. फाईल डिस्कवर पडून राहते, ती पुसू नका. फसगत होते ती एकाच ठिकाणी : जॉबने मागे चालत राहणारी उपप्रोसेस सोडली असेल तर ती उघडी फाईल तिच्याकडेही जाते, आणि मूळ जॉब संपला तरी लॉक धरलेलाच राहतो.

सर्व्हर दोन-तीन असतील आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याचा ॲडव्हायझरी लॉक वापरा. एक आकडा ठरवायचा आणि ‘पीजी_ट्राय_ॲडव्हायझरी_लॉक’ला द्यायचा; मिळाला तर काम, नाही तर परत. कनेक्शन तुटले की हा लॉक सुटतो. मात्र मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सावध राहा. लॉक एका कनेक्शनवर घेतला जातो, सोडण्याची आज्ञा दुसऱ्यावर जाते आणि लॉक लटकतो. या जॉबसाठी डेटाबेसला थेट कनेक्शन द्या.

रेडिसवर (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसवर) लॉक घेणारे वाचकही बरेच आहेत. तिथे ‘सेट’ला ‘एनएक्स’ आणि ‘पीएक्स’ हे दोन्ही एकाच आज्ञेत द्या. पहिल्यामुळे त्या नावाची नोंद (‘की’) आधीपासून असेल तर लिहिले जात नाही, दुसऱ्याने मिलिसेकंदांत मुदत ठरते. आता हा क्रम बघा. लॉकची मुदत ६० सेकंद. जॉब ‘अ’ला ९० सेकंद लागतात. साठाव्या सेकंदाला लॉक आपोआप सुटतो आणि जॉब ‘ब’ तो घेतो. नव्वदाव्या सेकंदाला ‘अ’ काम संपवून लॉक पुसतो. पण तो लॉक आता ‘ब’चा असतो! लगेच ‘क’ आत शिरतो. म्हणून लॉकमध्ये प्रत्येक वेळी नवे यादृच्छिक टोकन ठेवा, आणि सोडताना ‘टोकन माझेच आहे का’ हे तपासणे व पुसणे एकाच लुआ (रेडिसच्या आत चालणारी भाषा) स्क्रिप्टमध्ये करा. मुदत जॉबच्या नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन पट ठेवा, किंवा जॉब चालू असताना ती वाढवत राहा. टोकन असूनही शेवटची तीस सेकंदे ‘अ’ आणि ‘ब’ दोघे काम करत होतेच, हे लक्षात आले असेल. त्याला लॉककडे उत्तर नाही. आकडे दुप्पट होऊ न देण्याचे बंधन डेटाबेसमध्येच हवे, पहिल्या उत्तरातल्यासारखे.

तयार फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी डीफॉल्ट वाचून घ्यावेत. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या ‘विदाउटओव्हरलॅपिंग’चा लॉक मुदत दिली नाही तर २४ तासांचा असतो, जॉब मध्येच मारला गेला तर दर पाच मिनिटांचा जॉब एक दिवस गप्प बसू शकतो, म्हणून कंसात मिनिटे द्या. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये ‘कॉन्करन्सीपॉलिसी’ डीफॉल्टने ‘अलाउ’ असते, म्हणजे एकावर एक प्रती चालू शकतात. तुम्हाला ‘फॉरबिड’ हवे.

प्रश्न : दर ४५ मिनिटांनी आणि ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी’ हे क्रॉनमध्ये कसे लिहू?

दोन्ही सरळ लिहिता येत नाहीत. ‘*/४५ * * * *’ लिहिले तर जॉब प्रत्येक तासाच्या शून्याव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला चालतो, म्हणजे एकदा ४५ आणि एकदा १५ मिनिटांचे अंतर. साठाला पूर्ण भाग जाणारे अंतर निवडा, किंवा दर १५ मिनिटांनी जॉब उठवून ‘मागच्या वेळेला ४५ मिनिटे झाली का’ हे जॉबलाच तपासू द्या.

महिनाअखेरीसाठी २८ ते ३१ या सगळ्या तारखांना चालवून ‘उद्या एक तारीख आहे का’ तपासतात. हिशेबाचे काम असेल तर त्याहून सोपे म्हणजे एक तारखेला पहाटे मागच्या महिन्याचे काम करणे. शेवटचा दिवस तोवर पूर्ण झालेला असतो, हा फायदा वेगळाच. आणि ‘० ० १३ * ५’चा अर्थ ‘तेरा तारखेचा शुक्रवार’ असा घेऊ नका. तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन ‘किंवा’ समजतो. हा जॉब दर तेरा तारखेला चालेल आणि दर शुक्रवारीही.

प्रश्न : रात्री दोनचा जॉब ‘गेल्या २४ तासांतल्या ऑर्डर’ उचलून हिशेबाच्या सिस्टिमला पाठवतो. एका रात्री सर्व्हर देखभालीसाठी बंद होता. त्या दिवसाच्या ऑर्डर गेल्याच नाहीत, आणि हे महिनाअखेरीस कळले. क्रॉन चुकलेला जॉब नंतर चालवत नाही का?

नाही. साधा क्रॉन घड्याळ बघतो; ती वेळ मशीन बंद असताना गेली तर गेली. रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या कामांसाठी अ‍ॅनाक्रॉन आहे, आणि सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट=ट्रू’ लिहिले की मशीन उठल्यावर चुकलेला जॉब एकदा चालतो. हे लावा. पण तुमची मूळ चूक ‘गेल्या २४ तासांतल्या’ या शब्दांत आहे. सर्व्हर बारा तास बंद राहून दुपारी दोनला जॉब चालला असता तरी त्याने कालच्या दुपारपासूनच्याच ऑर्डर उचलल्या असत्या. काल पहाटे दोनपासून कालच्या दुपारपर्यंतच्या मागेच राहिल्या असत्या.

जॉबने आजपासून मागे मोजू नये, कुठवर आलो होतो तिथून पुढे जावे. प्रत्येक ऑर्डरला ‘हिशेबाला पाठवली’ असा वेळेचा रकाना द्या आणि जॉबमध्ये तो रिकामा असलेल्याच ऑर्डर उचला. मग जॉब एक रात्र चुको की तीन, पुढच्या खेपेला सगळ्या जातील. हाताने पुन्हा चालवला तरी दुप्पट जाणार नाहीत.

ऑर्डरच्या टेबलाला हात लावता येत नसेल तर ‘शेवटची पाहिलेली वेळ’ वेगळी नोंदवून ठेवतात. ही पद्धत चालते, पण तिच्यात एक बारीक भोक आहे. एखादे ट्रान्झॅक्शन १:५९ला सुरू झाले, ऑर्डरवर वेळ पडली १:५९ची, आणि कमिट (पक्के) झाले २:०१ला. दोनच्या जॉबला ती ऑर्डर दिसली नाही, आणि त्याने ‘दोनपर्यंत पाहिले’ असे लिहून ठेवले. उद्याचा जॉब दोननंतरचेच बघणार, म्हणजे ही ऑर्डर कायमची राहिली. यावर उपाय म्हणून दर वेळी नोंदवलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे मागून सुरू करा, आणि तीच ऑर्डर दोनदा आली तर पलीकडची सिस्टिम ऑर्डर क्रमांकावरून दुसरी नाकारेल अशी व्यवस्था ठेवा.

प्रश्न : आमचे ग्राहक वेगवेगळ्या देशांत आहेत. प्रत्येकाला त्याच्या सकाळी ९ वाजता सूचना हवी. सर्व्हर कोणत्या वेळेवर ठेवू?

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर). ग्राहकाजवळ ‘युरोप/बर्लिन’ असे टाइमझोनचे नाव ठेवा, ‘+१’ असा फरक ठेवू नका. उन्हाळी वेळ सुरू झाली की तो फरक बदलतो, नाव बदलत नाही. ग्राहकाची पुढची सूचना यूटीसीत किती वाजता, हे प्रत्येक सूचनेनंतर नव्याने काढून एका रकान्यात लिहा, आणि दर १५ मिनिटांनी एकच जॉब ‘वेळ होऊन गेलेले ग्राहक’ उचलू द्या. काही देशांची वेळ यूटीसीपासून अर्ध्या किंवा पाऊण तासाच्या फरकाने असते, म्हणून तासाचा जॉब पुरत नाही. स्थानिक वेळेवरच जॉब लावायचा असेल तर पहाटे एक ते तीन टाळा. बऱ्याच ठिकाणी घड्याळ पुढे-मागे होते ते त्याच सुमारास. एका रात्री तो तास येतच नाही, दुसऱ्या एका रात्री दोनदा येतो.

प्रश्न : आठवड्याचे पत्रक ४०,००० सदस्यांना जाते. एकाच लूपमध्ये पाठवतो. मध्ये एखादा पत्ता चुकीचा निघाला की जॉब तिथेच पडतो, आणि पुन्हा चालवला तर पहिल्यांना परत जाते.

शेड्यूल केलेल्या जॉबने ईमेल पाठवूच नयेत. त्याने फक्त रांग भरावी : ४०,००० सदस्यांचे ५००-५००चे ८० तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा एक जॉब क्यूमध्ये टाकावा. हे काही सेकंदांत होते. पुढचे काम वर्करचे. तुकडे करताना ‘ऑफसेट’ (पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या) वापरू नका. मध्येच कोणी सदस्यत्व सोडले तर पुढच्या सगळ्या ओळी एक जागा सरकतात आणि एक सदस्य सुटतो. ‘शेवटच्या क्रमांकापेक्षा मोठे क्रमांक, पुढचे ५००’ असे मागा. वेगळी क्यू बसवायची नसेल तर साधे टेबलही चालते. पोस्टग्रेस ९.५ आणि मायएसक्यूएल ८.०पासून ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे, त्याने अनेक वर्कर एकमेकांना न अडवता वेगवेगळ्या ओळी उचलतात.

तुकड्यातला प्रत्येक ईमेल वेगळा धरा. पत्ता चुकीचा असेल तर तशी नोंद करून पुढच्याकडे वळा, पुन्हा प्रयत्न करू नका. समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तरच पुन्हा प्रयत्न करा, तोही दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकून, नाही तर ८० तुकडे एकाच क्षणी परत धडकतात. साइडकिकमध्ये (रूबीच्या जॉब क्यूमध्ये) डीफॉल्ट २५ प्रयत्न असतात आणि ते जवळपास तीन आठवड्यांत पसरतात. गेल्या सोमवारचे पत्रक तीन आठवड्यांनी पोचण्यात काय अर्थ? जॉबमध्ये ‘यानंतर पाठवू नको’ अशी वेळ ठेवा.

आता नाजूक भाग. ‘पाठवला’ ही खूण ईमेल पाठवण्याआधी करायची की नंतर? आधी केली आणि वर्कर मध्येच मेला तर ईमेल जात नाही. नंतर केली आणि खूण करण्याआधी मेला तर दोनदा जातो. दोन्ही बाजूंनी सुटका करणारा क्रम नाही. पत्रक असेल तर खूण आधी करा, एखाद्याला न मिळालेले परवडते. सदस्याला दोनदा आलेले पत्रक जास्त खुपते. पावती किंवा पासवर्ड बदलण्याचा ईमेल असेल तर नंतर करा. पैसे कापायचे असतील तर पलीकडची सेवा एकाच मागणीची ओळख पटवणारी ‘की’, म्हणजे ओळखशब्द, घेते का ते पाहा. घेत असेल तर ती सदस्य आणि महिना यांवरून बनवा, प्रत्येक प्रयत्नाला नवी बनवू नका.

क्यूचा एक आकडा तपासून घ्याच. सेलरी रेडिसवर असेल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट डीफॉल्ट एक तास असतो, अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेत ३० सेकंद. तेवढ्यात वर्करने ‘झाले’ असे कळवले नाही तर तोच जॉब दुसऱ्या वर्करला दिला जातो. सेलरीत हे मुख्यतः काम संपल्यावर पोच देण्याची सेटिंग लावलेल्या जॉबना आणि पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेल्या जॉबना लागू पडते. जॉबला लागणारा जास्तीत जास्त वेळ या आकड्याच्या आत बसला पाहिजे; तुकडे लहान ठेवण्याचे आणखी एक कारण.

नवा कोड टाकताना वर्कर थांबवला जातो तेव्हा त्याला आधी ‘सिगटर्म’ (थांबण्याचा संदेश) मिळतो आणि मुदत संपली की जबरदस्तीने मारले जाते. ‘डॉकर स्टॉप’मध्ये ही मुदत १० सेकंद, कुबरनेटीसमध्ये ३०. ‘सिगटर्म’ आला की हातातला ईमेल पूर्ण करून थांबा, तुकडा पूर्ण करत बसू नका.

प्रश्न : नोडमध्ये ३० दिवसांनी चालावे म्हणून ‘सेटटाइमआउट’ लावला. तो लगेच चालला!

त्याला मिलिसेकंदांत जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ एवढाच आकडा चालतो, म्हणजे सुमारे २४.८ दिवस. त्याहून मोठा दिला की नोड तो १ मिलिसेकंद धरतो. ‘सेटइंटरव्हल’मध्ये हेच केले असते तर जॉब एकसारखा चालत सुटला असता. तसाही प्रोसेस पुन्हा सुरू झाली की टायमर पुसला जातो. तारीख डेटाबेसमध्ये ठेवा आणि रोजच्या जॉबने ती तपासा.

प्रश्न : जॉब बंद पडला हे लगेच कळावे, यासाठी काय?

एररचा ईमेल पुरत नाही, कारण जो जॉब सुरूच झाला नाही तो एररही देत नाही. उलटी व्यवस्था करा. जॉब यशस्वी संपला की शेवटच्या ओळीत एका पत्त्यावर हाक मारतो, आणि ठरल्या वेळेत हाक आली नाही तर पलीकडची सेवा तुम्हाला कळवते. रोजच्या जॉबला २४ तास अधिक तो जास्तीत जास्त घेतो तेवढा वेळ, एवढी मुदत द्या. हाक ऐकणारी सेवा त्याच सर्व्हरवर ठेवू नका. हाकेबरोबर किती ओळी हाताळल्या तो आकडाही पाठवा. जॉब रोज वेळेवर संपतो आणि रोज शून्य ऑर्डर पाठवतो, हा बिघाड फक्त त्या आकड्यातच दिसतो.